मीठ पिकवणाऱ्या बाईचा परिच्छेद

माझ्या नवऱ्याने पहिली विज्ञानकथा लिहिली, तेव्हा मला विज्ञानकथा लिहायला लागून नऊ वर्षं झाली होती. एवढ्या काळात दिवाळी अंकांतून माझ्या सहा कथा आल्या होत्या आणि त्याहून पुष्कळ साभार परत आल्या होत्या.

आम्ही नेरूळला राहत होतो. मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, तो न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कामाला होता. मी सोलापूरची. तो खाडीकाठच्या गावातला. त्याचे आईवडील मिठागरात राबलेले. पुढे जमिनी नव्या शहरासाठी गेल्या आणि मिठागरंही गेली. आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं, त्यामुळे मी त्याला पहिल्यापासून अरे-तुरेच करायचे. तांदळाची भाकरी आणि मासळीचं कालवण मला सासूबाईंनी शिकवलं. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या माझ्या हाताला तांदळाची उकड जमेना, तेव्हा त्या नुसत्या हसायच्या आणि माझा हात धरून परात फिरवायच्या. त्या गेल्या आणि वर्षभराने नवऱ्याने ती कथा लिहिली.

मी शाळेतून आले की कुकर लावायचे आणि जेवणाच्या टेबलावर लिहायला बसायचे. माझ्या कथांतली माणसं मंगळावर जायची, यंत्रमानवांशी वाद घालायची. त्यांचं गुरुत्वाकर्षण मी गणित करून ठरवायचे. पण त्यांतलं कुणी कधी जेवलं नाही. हे माझ्या लक्षात आलं ते त्याची कथा वाचल्यावर.

कमी दाबाच्या हवेत पाणी किती तापमानाला उकळेल, असं त्याने मला जेवताना दोनदा विचारलं होतं. मी मास्तरणीच्या उत्साहाने सगळं समजावून सांगितलं. मग एका शनिवारी मी बोंबील साफ करत असताना त्याने कागदांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. कामावर दुपारच्या सुट्टीत बसून, रद्द झालेल्या शिपिंग बिलांच्या पाठीवर लिहिलं होतं. जमलं तर वाच, म्हणाला.

मी हात धुऊन वाचायला बसले. एका दूरच्या ग्रहावर माणसांची वसाहत आहे. रसद घेऊन येणारं यान येत नाही, मीठ संपतं. तिथल्या समुद्राकाठी एक म्हातारी चिखलाचे बांध घालून पाणी अडवते. सगळे तिला हसतात. एक दिवस ती पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते, डोळे मिटते आणि म्हणते, "पानी अजून कच्चा हाय. चार दिस थांबा." मग लुगडं वर खोचून टाचेने तळ दाबून बघते.

त्या सासूबाईच होत्या. मी सून म्हणून सात वर्षं त्यांच्या हातचं खाल्लं. गावाबाहेर उरलेल्या मिठाच्या एका खाचरात त्यांना असं पाणी चाखताना मी स्वतः पाहिलं होतं. आणि मला मंगळ सुचला होता.

कशी वाटली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बरी आहे. आणि उठून बोंबलांकडे परत गेले.

मत्सर झाला की मी स्वयंपाक जास्त करते. त्या आठवड्यात मी कोळंबीचं भुजणं केलं, शेंगाची पोळी केली, त्याच्या डब्यात रोज दोन भाज्या दिल्या. तो खूश होऊन म्हणाला की कथा सुवाच्य अक्षरात तूच लिहून दे, माझं अक्षर संपादकांना लागायचं नाही. मी लगेच हो म्हटलं.

रविवारी दुपारी लिहायला बसले. त्या परिच्छेदाशी आले आणि थांबले. इथे कथा रेंगाळते, बोलीभाषा सगळ्यांना कळणार नाही, संपादकांना अशी वर्णनं चालत नाहीत, अशी कारणं मी मनाशी जुळवली. तो अख्खा परिच्छेद मी गाळला आणि सांधा जुळावा म्हणून माझं एक वाक्य घातलं: 'तिने पाणी तपासलं आणि काही दिवस वाट पाहायला सांगितलं.' त्याने ती प्रत वाचलीही नाही. विश्वासाने पाकिटात घातली. त्याच अंकाला मी माझीही एक कथा पाठवली.

त्याची स्वीकारली गेली. माझी परत आली. मी शिरा केला, शेजाऱ्यांनाही वाटला.

अंक आला तेव्हा मी चकल्या तळत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाचत होता. मध्येच थांबला, पानं मागेपुढे केली आणि आईचा भाग कुठे गेला, असं विचारलं. संपादक कापतात, माझंही कापतात, असं मी झाऱ्यावरची नजर न हलवता सांगितलं. त्याने संपादकांना नम्र पत्र लिहिलं. तेव्हाही मला खरं सांगता आलं असतं.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दुपारची वेळ होती, घरी मी एकटीच होते. संपादकांनी लिहिलं होतं की असा परिच्छेद आमच्याकडे आलेल्या प्रतीत नव्हता. असता तर आम्ही त्याला हात लावला नसता, जमल्यास पाठवा. कार्ड फाडायचं माझ्या मनात आलं. फाडलं नाही ते चांगुलपणाने नव्हे. तो पुन्हा पत्र लिहील, हे मला माहीत होतं.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा कार्ड त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने दोनदा वाचलं.

"लिहिताना राहून गेला का?" त्याने विचारलं. सुटायची वाट त्याने स्वतःच करून दिली होती.

"नाही. मी गाळला."

"वाईट होता?"

"नाही. सगळ्यात चांगला तोच होता."

त्याने ताटातलं संपवलं, ताट धुऊन ठेवलं. मग एवढंच म्हणाला, "आईचं तेवढंच होतं त्यात."

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. महिनाभर तो कामापुरतं बोलायचा आणि मी डबा भरायच्या आत घराबाहेर पडायचा. मी शिपिंग बिलांचा गठ्ठा शोधून तो परिच्छेद उतरवला, काना-मात्रासुद्धा न बदलता, आणि मी काय केलं होतं ते लिहून संपादकांकडे पाठवला. त्यांचं उत्तर मला आलं नाही, त्याला आलं. दोन वर्षांनी त्यांनी निवडक कथांचा संग्रह काढला तेव्हा परिच्छेद जागेवर होता.

तो संग्रह घेऊन आम्ही गावी गेलो. ओटीवर त्याने भावंडांना आणि शेजारच्या बायांना कथा वाचून दाखवली. म्हातारी पाणी चाखते तिथे त्याची आत्या म्हणाली, "वैनी असाच बोलाची." आणि पदराने डोळे पुसले. मी आत चहा गाळत होते. माझं लिहिलेलं ऐकून आजवर कुणी रडलं नव्हतं. तो मोठ्या मनाने मला बाहेर बोलवत होता, ये, बस, हीच माझी गुरू, असं सांगत होता. आणि मला त्याचं ते सांगणंसुद्धा सहन होत नव्हतं.

नंतर त्याने आणखी दोन कथा लिहिल्या. त्या त्याने स्वतःच, मुलांसारख्या मोठ्या अक्षरात उतरवून काढल्या. पुढे बंदरातलं काम वाढलं आणि लिहिणं सुटलं. मी लिहीत राहिले. माझ्या यानांमध्ये आता चुली आहेत, माणसं भुकेने चिडतात, आंबलेल्या पिठावरून भांडतात. कुणी या चुलींचं कौतुक केलं की मी सासूबाईंचं नाव सांगते, नवऱ्याचं सांगायला वेळ लागतो.

त्याने लिहिणं सोडलं तेव्हा मला वाईट वाटलं, असं मी सगळ्यांना सांगते. वाटलं होतंच. पण त्याच्या आधी हलकं वाटलं होतं.