पट्टेरी माशाचं जेवण

मंगळवार, सकाळ. तंजावरचा मासळीबाजार. हजर: मी, माझी झाकणाची बादली आणि ती.

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. नागपट्टिणमहून पहिल्या बसने ती खाडीतली जिवंत कोळंबी आणते. एकेकीच्या मिशीला बोटाने डिवचते आणि जी उडी मारते तीच माझ्या बादलीत टाकते. आमचं घर शाकाहारी. पण परदेशी गेलेल्या लेकाने मागे ठेवलेला खाऱ्या पाण्यातला पट्टेरी मासा हलणारंच खातो. मेलेली कोळंबी मिक्सरमध्ये वाटून, घट्ट व्हावी म्हणून अगार ही शेवाळाची भुकटी घालून मी वड्याही थापून पाहिल्या. माशाने तोंड फिरवलं आणि सासूबाईंनी तो मिक्सर मागच्या दारी नेऊन ठेवला.

आमच्याकडे कोणीही भेटलं की आधी "जेवलात का?" विचारतात. ही मात्र विचारते, "अम्मा, मासा जेवला का?"

आज मी म्हटलं, "काल लेकानेही फोनवर हेच विचारलं."

तिचं बोट पाण्यातच थांबलं. "आणि तुम्ही जेवलात का, ते?"

"ते नाही विचारलं."

"मग त्याची आई तो मासाच की, अम्मा!" ती खळखळून हसली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मला हसू आलं नाही.

घरी येऊन कोळंबी टाकीत सोडली. माशाने ती गिळली. लेकाचा निरोप आला होता : "माशाचा खातानाचा फोटो पाठव."

बाकीची कामं दुपारपर्यंत उरकली. फोटो पाठवायचा राहिला आहे.