त्याला आधी सोडलं

"हे नको. जुनंपानं कायतरी नेस. बघणाऱ्याला दया यायला पायजे."

मालकांचा पुतण्या माझ्याच दारात मोबाईल स्टँडवर लावून उभा होता. भावाचा दहावा परवाच झालेला. अंगावर त्यानंच दिवाळीला घेतलेली साडी होती. मी आत गेले आणि खरंच बदलून आले. हुकूम ऐकायची सवय, दुसरं काय.

भाऊ मालकांची गाडी चालवायचा. ऐन पावसात मालकांचा मुलगा मित्रांना घेऊन घाटात गेला. दोरीनं धबधबा उतरायची हौस. बॅगा उचलायला भावालाही नेलं. वरून लोंढा आला. मालकांचा मुलगा गेला, माझा भाऊ गेला.

सुरुवातीला फोनवर त्या बातमीखाली नुसत्या शिव्या. 'पैशाचा माज.' 'मरायलाच गेले होते.' खाली हसणारे चेहरे. फोटो दोघांचा होता. माझ्या भावाला कसला माज? मेंढरं धुतानाही तो गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. पाण्याला भ्यायचा.

मग पुतण्यानं एक गोष्ट टाकली. धाकट्या मालकांना वाहून जाताना बघून ड्रायव्हरनं उडी घेतली म्हणे. झालं, वारं फिरलं. हसणारे चेहरे गेले, जोडलेले हात आले. 'अशी इमानदार माणसं आता राहिली नाहीत.' बेंबळीच्या बाजारात बाया मला थांबवून म्हणायच्या, "नाव काढलं बघ पोरानं." मी मान हलवायची. भांडायला त्राण नव्हतं. आणि तेवढं ऐकून आईच्या पोटात घासभर भाकरी जायची.

पण माझ्या फोनात त्या सकाळी भावानं बोलून पाठवलेला मेसेज होता. "आक्का, मलाच आधी सोडायलेत खाली. पाणी किती हाय ते बघाया. पवता येत न्हाय म्हणलं तर हसायलेत."

"आता म्हण," पुतण्या म्हणाला. "माझ्या भावानं धाकट्या मालकासाठी आनंदानं जीव दिला."

मागं गाडीत मालकीणबाई बसल्या होत्या, तोंडाला पदर लावून. त्यांचंही पोर गेलंय. लोकांच्या शिव्या त्यांना झोपू देत नसतील, मला कळतं. पण त्या पुसायला माझाच भाऊ?

आनंदानं. तो शब्द काही तोंडातून निघेना.

मी परत आत गेले. भावानं घेतलेली साडी नेसले. बाहेर येऊन आईला जवळ बसवलं आणि तो मेसेज मोठ्यानं लावला. आईनं माझा हात घट्ट धरला, मग सोडला. गाडीची काच वर गेली.

"ह्यानं काय मिळणार हाय तुला?" पुतण्यानं विचारलं.

"कायबी न्हाय," म्हणलं.

संध्याकाळी मी भावाचा आवाज सगळ्यांसाठी टाकला. आता शिव्या मला येतात. मेलेल्या भावाचा बाजार मांडलाय म्हणतात. मी वाचते आणि फोन पालथा ठेवते. आई पुन्हा जेवत नाही. माझ्याशी बोलतही नाही.

तरी मी तो काढणार नाही. भाऊ कसा गेला असं कुणीही विचारू दे, मी हेच सांगणार. त्यानं उडी मारली नाही. त्याला दोरीला बांधून आधी सोडलं. आणि वरचे हसत होते.