एक्केचाळीस मापं आणि खोडरबरवाला

त्याचं नाव गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं. सगळे त्याला खोडरबरवाला म्हणत. बंद पडलेला कॉम्प्युटर उघडायचा, आतली मेमरीची पट्टी काढायची, तिची सोनेरी कड शाळकरी खोडरबरानं घासायची आणि परत बसवायची, हा त्याचा पहिला उपाय. दहातले सहा तेवढ्यावर उठून बसत. मग लोक म्हणत, "एवढंच होतं होय?" बावीस वर्षं हे ऐकून त्याच्या कानांना घट्टे पडले होते.

त्या दुपारी तो तिसरा जिना चढून शिंपीणबाईंच्या दारात आला तेव्हा त्याला आधी पाणी हवं होतं. पण बाईंच्या तोंडाला कोरड त्याच्यापेक्षा जास्त पडलेली.

"भाऊ, सकाळपासून असंच चाललंय. जरा घुरघुरतं आणि मान टाकतं. हॉस्पिटलच्या एक्केचाळीस नर्सबाईंची मापं आहेत त्यात. आज कापड कापलं नाही तर सोमवारी गणवेश काय कपाळ देणार?"

"वहीत नाहीत उतरवलेली?"

"वही यांनी रद्दीत घातली."

खिडकीशी पेपर वाचणारे यजमान पेपराआडूनच बोलले, "तूच म्हणालीस, आता सगळं कॉम्प्युटरात."

"मी म्हटलं, पण लगेच ऐकायला कुणी सांगितलं होतं? एरवी कधी ऐकता का माझं?"

कॉम्प्युटरवर जाड, कापूस भरलेला निळा कोट होता. कोपऱ्यांना दुहेरी शिवण, कुठे सुरकुती नाही. धूळ जाऊ नये म्हणून बाईंनी तो डब्याचं माप घेऊन बेतला होता.

"हा बंद केल्यावरच घालता ना?"

"बंद कोण करतंय? परत सुरू व्हायला अर्धा तास लावतं मेलं. जेवायला उठले की चालूवरच घालते."

त्यानं बॅग उतरवली. सवयीनं खोडरबर काढलं, पट्टी घासली, बटण दाबलं. घुरघुर, पाच सेकंद, सामसूम.

"गेली का मापं?" बाईंनी विचारलं. विचारताना टेबलाची कड घट्ट धरली होती.

"मापं आत जागच्या जागी असतील, ताई. दार उघडत नाहीये, एवढंच."

म्हणाला खरं, पण त्याचीही खात्री नव्हती. त्यानं पंख्यावर बॅटरीचा उजेड टाकला. पंखा कुठला, उशीच होती ती. कोटाचा कापूस, कापडाची लव, सगळं दाबून बसलेलं. चिमट्यानं आणि ब्रशानं त्यानं ओंजळभर बोळे काढले. तरी पंखा हलेना. वाकून वाकून त्याची कंबर धरली.

"सरका जरा," बाई म्हणाल्या. चष्मा कपाळावरून नाकावर आला. "आसाला दोरा गुंडाळलाय. माझाच आहे, लाल, चाळीस नंबरचा."

टाके उसवायच्या हत्यारानं त्यांनी दोन मिनिटांत तो सोडवला आणि शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा उजळला.

"पंखा किती टिकेल सांगता येत नाही," तो म्हणाला. "आधी मापं उतरवून घ्या. मी वाचतो."

यजमानांनी नवी वही आणून ठेवली, सोबत पाणीही. खोडरबरवाला त्या दिवसात पहिल्यांदा खुर्चीवर बसला. छाती, कंबर, बाही, उंची. आवाज घोगरा होत गेला, पण एक्केचाळिसाव्या नर्सपर्यंत तो थांबला नाही. बाईंनी वही मिटून छातीशी धरली.

"आता याला कोट नको," तो उठत म्हणाला.

"बिनबाह्यांचा देते," बाई म्हणाल्या. मग टेप न लावता, नुसत्या नजरेनंच त्याचं माप घेत राहिल्या. "भाऊ, तुमचा उजवा खांदा पाऊण इंच उतरलाय. बॅग दुसऱ्या बाजूला घेत जा."

एवढ्या वर्षांत त्याच्या मापाचं कुणी काही बोललं नव्हतं. त्यानं बॅग डाव्या खांद्यावर घेतली. तो जिना उतरू लागला तोवर वरून कात्रीचा कचकच आवाज सुरू झाला होता. दीड जिना उतरेपर्यंत पट्टा तीनदा घसरला. मग त्यानं बॅग पुन्हा उजवीकडे टाकली आणि त्या दिवसाच्या चौथ्या घरी निघाला.