टाइप न लिहिलेली सही

“डिझाइन फायनल आहे ना? शुक्रवारी कोड फ्रीझ आहे, मग काही बदलता येणार नाही,” पुण्याहून आमचे टीम लीड, दातार सर, फोनवर म्हणाले.

“हो सर,” मी म्हणाले. डिझाइन माझं होतं आणि मला त्याचा जरा माजच होता.

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात, सासरच्या माडीवर बसून मी एका क्रिप्टोकरन्सीच्या स्क्रिप्टचं काम करते. स्क्रिप्ट म्हणजे नाण्यावर घातलेली अट: अमक्याची डिजिटल सही असेल तरच हे नाणं हलेल. ही सही तपासायची नवी पद्धत आम्ही आणत होतो. त्यात सहीचे दोन टाइप होते. ‘बंद’ सही पूर्ण व्यवहारावर असते. ‘उघडी’ सही नाणं कुणाला जाणार ती जागा मोकळी सोडते. काही कामांना तसं लागतं. आणि टाइप लिहिलाच नाही तर? मी उघडी धरली होती. तपासायला कमी काम, वेग जास्त. सर खूश होते.

दुपारी आम्ही जेवत असताना ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला. माझ्या सासूबाई सदस्य आहेत.

“काकू, हितं सही करा. ठराव मागून लिवतेत.”

“कोऱ्या पानावर? न्हाय.”

“समद्यांनी केली की.”

“करू दे. वर काय लिवणार ते मला कुठं ठाव हाय? आदी लिवा, मग ये.”

तो गेला. माझा घास हातातच राहिला. वॉलेट, म्हणजे नाणी ठेवायचं-पाठवायचं अ‍ॅप, बनवणारा एखादा टाइप लिहायला विसरला, तर त्याचं प्रत्येक गिऱ्हाईक कोऱ्या पानावर सही करणार होतं. नियम एकदा लागू झाला की मागे घेणं जवळपास अशक्य. लोकांची नाणी जाणार, आणि सही मात्र खरी.

मी लगेच सरांना फोन लावला. “डिझाइन बदलतेय. टाइप नसेल तर बंद धरायची. उघडी हवी असेल त्यानं तसं मुद्दाम लिहावं.”

“अगं, वेग जाईल. आणि इतकं कोण विसरतं?”

“तुमच्या टेस्ट वॉलेटमधून एक नाणं पाठवा. कुणालाही.”

नवी पद्धत टेस्ट नेटवर्कवर चालू होती; तिथली नाणी खोटी असतात. ते वॉलेट मात्र सरांनी स्वतः लिहिलेलं. त्यांनी टीममधल्या एकाला नाणं पाठवलं. व्यवहार नेटवर्कवर दिसताच मी त्यांची सही तशीच उचलली, घेणाऱ्याच्या जागी माझा पत्ता घातला आणि जास्त फी लावून तो पुढे सोडला; जास्त फीचा व्यवहार आधी नोंदला जातो.

“त्याला मिळालं नाही म्हणतोय,” सर म्हणाले.

“माझ्याकडे आलंय.”

“मी तुला कुठं पाठवलं?”

“सही तुमचीच आहे, सर. टाइप लिहायचा राहिलाय.”

सरांनी आपल्या वॉलेटचा कोड उघडून पाहिला. मग म्हणाले, “बदल.”

कोड सोमवारी फ्रीझ झाला. वेग थोडा कमी झाला, तो कुणाला कळलाही नाही. आता आमच्या प्रत्येक डिझाइनमध्ये एक रकाना असतो: ‘विसरलं तर काय होईल?’ त्याखाली उदाहरण म्हणून सरांचं वॉलेट आहे. ते काढून टाक, असं त्यांनी दोनदा सांगितलंय. मी विसरते.