कारण : मालकास ठाऊक

पाहणीकाकांनी दार उघडलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते, बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं, आणि काकांच्या हातात पेटवलेला टॉर्च होता. गळ्यात भिंग, कमरेला मोजपट्टी, खिशात तीन रंगांची पेनं. उंची अशी की दारातून त्यांचा प्रवेश वाकून, दोन टप्प्यांत व्हायचा. आधी चष्मा यायचा, आणि बऱ्याच वेळाने, त्याची चौकशी करायला आल्यासारखे बाकीचे काका. समोर उभ्या असलेल्या नव्या भाडेकरू जोडप्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की आपण कालच जळून खाक झालेली दोन गोदामं आहोत, असं त्या दोघांना वाटलं. नवऱ्याने तर नकळत स्वतःचा शर्ट चाचपून पाहिला.

यात काकांचा काही दोष नव्हता. चौतीस वर्षं ते विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करत होते. आग लागो, छप्पर कोसळो, ट्रक उलटो, काका तिथे जाऊन बघत, मोजत आणि लिहीत. वस्तू, नुकसान, कारण, असे तीन रकाने. माणूस निवृत्त होतो, रकाने होत नाहीत. बायको गेल्यावर ते मागच्या एका खोलीत राहायला गेले आणि पुढचं घर त्यांनी सामानासकट भाड्याने द्यायला काढलं. सामानाची यादी अर्थातच केली. ती एकतीस पानांची झाली.

घर ताब्यात घ्यायला सहा तास लागले. एवढ्या वेळात लोकांनी देश ताब्यात घेतलेत. काका वाचत होते, टॉर्च मारत होते, आणि जोडपं मान डोलावत मागे फिरत होतं. "सोफा, एक. डाव्या बाजूस बसल्यास माणूस आत जातो. उजव्या बाजूस जात नाही. कारण, मालकास ठाऊक." "चहाचा कप, पांढरा. कडेचा टवका उडालेला, तीन मिलिमीटर. कारण, मालकास ठाऊक." "टेबलाचा खण, मधला. उघडताना अडतो, गुडघा लावावा लागतो. कारण, मालकास ठाऊक." पडद्यावरचं इस्त्रीचं भोक, स्टुलाचा आखूड पाय, आरशाचा उडालेला पारा. एवढं सगळं ठाऊक असलेला मालक जोडप्याने आजवर पाहिला नव्हता.

सामानासह घर घेणाऱ्याला एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पलंग, कपाट, कपबश्या मिळतात हे खरं, पण त्यांच्यासोबत कुणाचा तरी अर्धवट संसारही येतो, आणि तो कुठल्याही यादीत नसतो. नवऱ्याला याचं सोयरसुतक नव्हतं. शाळेत भूगोल शिकवून आला की तो सोफ्याच्या डाव्या बाजूला बसायचा आणि जेवायची हाक येईपर्यंत आतच असायचा.

बायकोचं तसं नव्हतं. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि कॅपा बनवायची. काकांनी तिचं नाव पहिल्याच दिवशी दातवाल्या बाई असं ठेवलं, आणि सहा महिन्यांत त्याचं "अगं दातवाले" झालं. तिने बनवलेला दात तोंडात बसला की शेजारच्या खऱ्या दातालाही संशय येत नसे. याआधीच्या घरात आरशाला मुळातच तडा होता. घर सोडताना मालकिणीने तो हिच्या माथी मारला, आणि भर जिन्यात, चार शेजारणींसमोर सांगितलं, "दुसऱ्याची वस्तू वापरायची अक्कल नसेल तर माणसाने जमिनीवर झोपावं." ते वाक्य दातवालीच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. या घरातून निघताना आपल्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही, एवढं तिने ठरवून टाकलं होतं.

काका दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाला यायचे. "तपासणी नाही हं, भेट," असं दारातच सांगायचे आणि मग डोळ्यांनी तपासणी करायचे. चहा त्यांना त्या टवका उडालेल्या कपातच लागायचा. दातवाली चांगला कप पुढे करायची, ते तो बाजूला सारायचे. खण उघडून बघायचे, तो अडला की मान डोलवायचे आणि बंद करायचे. "अजून तसाच आहे," असं म्हणायचे.

इथे दातवालीची चूक झाली. ते वाक्य तिला तक्रारीसारखं ऐकू आलं. म्हातारा एकेक दोष मनात घोकून ठेवतोय, जायच्या दिवशी सगळे बाहेर काढणार, असं तिला वाटलं. नवरा सोफ्यातून म्हणाला, "अगं, त्यांना विचार ना एकदा, काय ठाऊक आहे ते." तिने विचारलं नाही. मालकाशी जास्त खोलात जाऊ नये, हा तिचा आधीच्या घरातला धडा होता. शिवाय काकांना बोलतं करायचं म्हणजे चौतीस वर्षांच्या आगी आणि उलटलेले ट्रक ऐकावे लागणार. दोन वर्षांत चोवीस रविवार आले नि गेले. चोवीस वेळा काका कप हातात धरून मिनिटभर गप्प बसले, आणि चोवीस वेळा तिने बिस्किटांची बशी पुढे केली.

मग नवऱ्याची बदली झाली. घर सोडायला महिना होता, आणि दातवाली कामाला लागली. तोवर तिला काकांचा लळा लागला होता, हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. आता ती हे कुणी बोट दाखवेल म्हणून करत नव्हती, तिला म्हाताऱ्याला खूश करून जायचं होतं. कारागिरांचं प्रेम हातातूनच बाहेर पडतं. तिने खण काढून घासला, मेण लावलं, तो लोण्यासारखा सरकू लागला. सोफ्याची डावी बाजू उसवून नव्या पट्ट्या घातल्या. नवरा त्या दिवशी सवयीने धपकन बसला आणि चेंडूसारखा वर आला. पडद्याचं भोक असं रफू केलं की ती स्वतःच ते शोधत बसली. स्टूल समतोल झालं, आरसा नव्याने पारा लावून आला, आणि असं करत यादीतला एकेक दोष गेला.

कप तिने शेवटी घेतला. प्रयोगशाळेतून रंगछटांची पट्टी आणली, कपाचा पांढरा रंग कुठल्या दाताशी जुळतो ते पाहिलं, दातांचं सिमेंट कालवलं, भरलं, घासलं, चकाकी दिली. तिच्या आयुष्यातलं ते सर्वांत सुंदर काम होतं. तीन मिलिमीटर.

जायच्या दिवशी काका टॉर्च, भिंग आणि एकतीस पानं घेऊन आले. निकालाच्या दिवशी शाळेत फिरावं तशी दातवाली त्यांच्या मागे मागे फिरत होती. काकांनी खण ओढला. गुडघा पुढे आला होता, तो तसाच अधांतरी राहिला. त्यांनी खण बंद केला, पुन्हा उघडला. पडदा उजेडासमोर धरला. सोफ्याच्या डाव्या बाजूला हळूच बसले, पण आत गेले नाहीत, वरच राहिले. मग कप घेतला. भिंग लावलं. कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, उलटा.

"बदलला?"

"नाही काका, भरला. तोच कप आहे. कळतंय का बघा."

"नाही कळत," काका म्हणाले. "फार चांगलं काम आहे."

मग ते कडेवरून अंगठा फिरवतच राहिले. दातवालीला वाटलं, म्हातारा भारावला. तिने, आज काय बिघडतंय अशा हिशेबाने, दोन वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. कपाचं कारण काय होतं?

काका कपाकडे बघतच बोलले. "तुझी काकू धांदरट. आमच्या घरात ती नुकसान करायची आणि मी नोंद करायचो. चहा पिताना मी काहीतरी बोललो, ती हसली, कप दातावर आपटला. कपाचा टवका उडाला आणि तिच्या दाताचाही. म्हटलं, दात भरून घे. म्हणाली, राहू दे, जोडी आहे."

खण काकूनेच चुकीच्या बाजूने ठोकून बसवला होता. सोफ्यात डावीकडे तीच बसायची, शेवटचं वर्षभर तर दिवसभर. पडद्याचं ते सांगायला लागले आणि मध्येच थांबले. नवरा खाली ट्रकमध्ये सामान चढवत होता, त्याच्या हाका वर येत होत्या.

दातवालीचा चेहरा उतरला. ती घाईघाईने म्हणाली की हत्यारं अजून बांधलेली नाहीत, ती सिमेंट काढून देईल, होता तसा टवका पुन्हा करून देईल, मापासकट, आत्ता, दहा मिनिटांत.

"नको गं," काका म्हणाले. "ते नवीन नुकसान होईल."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. चौतीस वर्षं जे खरं मानलं तेच सांगितलं. मग खिशातलं लाल पेन काढून त्यांनी एकेका ओळीवर रेघ मारायला सुरुवात केली. कुठेही खोटी नोंद राहू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एकतीस पानं व्हायला पाऊण तास लागला. दातवाली शेजारी उभी राहून पानं उलटून देत होती. दुसरं काय करावं हे तिला सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी खाली लिहिलं, "नुकसान, काही नाही," आणि सही केली. तिनेही केली. जिना उतरताना तिने मागे वळून पाहिलं, तेव्हा काका तिला टॉर्च दाखवत होते, भर दुपारी.

नव्या गावाहून तिने दोन पत्रं लिहिली. दुसऱ्यात माफी मागितली होती, ती पाच वेळा खोडून लिहिलेली होती. काकांचं उत्तर एका ओळीचं आलं, की पत्रं सुस्थितीत पोचली.

अनामत रक्कम तिसऱ्या दिवशीच पूर्ण परत आली होती. पुढे नवऱ्याच्या जुन्या शाळेतल्या एका शिक्षकाने तेच घर भाड्याने घेतलं. तो सांगत होता की घर ताब्यात घ्यायला दहा मिनिटं लागली, आणि यादी दीड पानाची आहे.