मांडीला जागा ठेवणारं टेबल

माझी मैत्रीण वैशाली गेल्याचं तिच्या भावाने मला फोनवर सांगितलं. मी मनमाडला पोहोचेपर्यंत, ती ज्या फर्निचर स्टुडिओत काम करायची त्याच्या मालकाचं, तिच्या सरांचं, स्टेटसही आलं होतं: 'मी घडवलेली गुणी डिझायनर हरपली.' महिना उलटला. त्या 'मी घडवलेली'वरचा माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

वैशालीला घडवलं मनमाडच्या रेल्वे क्वार्टरने. दोन खोल्या, सात माणसं. रात्री अंथरुणं पडायची, म्हणून दिवसाची प्रत्येक वस्तू उचलून भिंतीला लागली पाहिजे. तिच्या वडिलांना लहानपणी गावच्या पंगतीत गोठ्याजवळ वेगळं बसवत. घरी ते सांगायचे, "जेवताना कुणी वर नाही, कुणी खाली नाही." नाशिकला नोकरी लागल्यावर तिने हे सगळं एका टेबलात आणलं. मांडी घालून जेवायचं, घडीचं, आणि गोल. गोलाला मानाची बाजू नसते. पहिलं टेबल माझ्या नाशिक रोडच्या प्लायवूडच्या दुकानात बनलं. ते माझ्याच घरी आहे.

तिने ते स्टुडिओत दाखवलं तेव्हा सर म्हणाले होते, "मॅडम, तुमचं क्वार्टर इथे आणू नका." पुढे तेच टेबल त्यांच्या शोरूममध्ये आलं. चौकोनी करून, त्यांच्या नावाने, 'जपानी प्रेरणा' अशी पाटी लावून. वैशाली हसली. "शोभा, मनमाडवरून जपानला गाडी कधी सुरू झाली गं?" नोकरी टिकवायची होती, ती भांडली नाही... मला हसू आलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात सर टेप घेऊन माझ्या दारात. त्यांच्या टेबलाखाली गिऱ्हाइकांची मांडीच मावत नव्हती, गुडघे फळीला आपटत होते. जन्मभर खुर्चीवर जेवलेल्या माणसाला मांडीची रुंदी कुठून कळणार?

"जरा मापं घेतो. तिच्या आठवणीसाठी नवी सीरिज काढतोय."

"नाव कुणाचं?"

"स्टुडिओचं. ती आमचीच एम्प्लॉयी होती ना."

"बसा, चहा घ्या," मी म्हटलं आणि कप त्या टेबलावर ठेवला. भिंत धरून ते कसेबसे टेकले. उठताना त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी दिला नाही.

"पाटीवर वैशालीचं पूर्ण नाव घाला, त्याखाली मनमाड. मग या मापं घ्यायला."

पाटी अजून तीच आहे, काल जाऊन पाहिली. आपटू देत गुडघे. आम्ही रोज तिच्या टेबलावर जेवतो. नवा पाहुणा हमखास विचारतो, कुठून घेतलं? कुणी केलं ते मी सांगते. कुणी चोरलं, तेही सांगते.