आमटी म्हणजे कर्व्हबॉल

काकांच्या गाडीच्या डिकीत आम्ही दर रविवारी काहीतरी टाकतो. फाटका ग्लोव्ह, चिखलाचे मोजे, कोणाचीतरी छत्री. काढत मात्र कोणीच नाही. मग एक दिवस डिकी बंदच होत नाही! आमच्या किश्शांचंही तसंच झालंय. परवा एका मैत्रिणीला एकच किस्सा सांगायला गेले, तर तो कळावा म्हणून त्याच्या आधीचे पाच सांगावे लागले. म्हणून म्हटलं, आता अख्खी डिकीच उपसते.

आम्ही म्हणजे हॅरोमधले काही बेसबॉलवेडे. हो, बेसबॉल! मराठी असून, इंग्लंडमध्ये राहून, क्रिकेट सोडून! याला जबाबदार एकच माणूस. डॉ. नाडकर्णी, म्हणजे आमचे काका. तरुणपणी ट्रेनिंगसाठी एक वर्ष अमेरिकेत होते, तिथून एक ग्लोव्ह आणि हे वेड घेऊन हॅरोला आले. जन्मभर इथल्या हॉस्पिटलात लोकांची हाडं जोडली आणि रिटायर झाल्यावर टीम काढली. नाव 'हॅरो वाघ'. काका स्वतः कॅचर. म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचे. हाडांच्या डॉक्टरांनी, स्वतःचे दोन्ही गुडघे गेलेले असताना!

"पेशंटला सांगायचं ते वेगळं, मुक्ता," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

* * *

अमेरिकेतल्या मॅचेस इथे अपरात्री लागतात. म्हणून आम्ही त्या रेकॉर्ड करून रविवारी सकाळी काकांच्या घरी बघतो, स्कोअर माहीत नसताना. यासाठी कडक नियम आहे. दारातून आत आलं की फोन बंद करून सुलभाकाकूंच्या मोठ्या पातेल्यात टाकायचा. वर झाकण. झाकणावर वरवंटा!

एकदा मॅच भलतीच रंगली होती. शेवटची इनिंग, बरोबरीचा स्कोअर, काकू उकडीच्या ताटल्या हातात घेऊन दारातच थबकलेल्या. कोणी श्वास घेत नव्हतं. आणि घरातला लँडलाइन वाजला.

काकूंनी सवयीने स्पीकर लावला. पलीकडे त्यांची मुलगी इरा. तीही डॉक्टर, कार्डिफला असते. जन्म इथलाच, त्यामुळे मराठी तिच्या स्वतःच्या नियमांनी चालतं.

"बाबा! काय मॅच झाला! शेवटी तुमचा टीम हरली ना? सो सॅड!"

मग काका शांतपणे उठले आणि लँडलाइन उचलून पातेल्यात ठेवला.

* * *

खेळाडूची निष्ठा हा काकांचा हळवा विषय. त्यांच्या आवडत्या अमेरिकन टीमची एक जर्सी आहे, पाठीवर लाडक्या पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, नाव छापलेली. डिसेंबरात सीझन नसतो, तेव्हा खेळाडूंची विक्री, अदलाबदली चालते. एका डिसेंबरात हा पिचर थेट कट्टर शत्रूंच्या टीममध्ये गेला!

काकांनी दोन दिवस जेवणाला नावं ठेवली. मग सर्जिकल टेप काढला, पाठीवरचं नाव झाकलं आणि वर मार्करने दुसऱ्या खेळाडूचं नाव लिहिलं. पुढच्या डिसेंबरात तोही गेला. पुन्हा टेप. तिसरा तर नाव लिहून वाळायच्या आत गेला!

जर्सीची पाठ आता प्लास्टरसारखी कडक झाली आहे. सगळ्यात वरच्या टेपवर फक्त 'काका' असं लिहिलंय.

"हा एक प्लेयर टीम सोडून जाणार नाही!" काका छाती फुगवून म्हणाले.

काकू भाजी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्यायला कोणी आलंय का?"

* * *

फसवाफसवीवर तर आमच्याकडे दर आठवड्याला खटला चालतो. बेसबॉलमध्ये कॅचर बोटांच्या खुणा करून पिचरला सांगतो की कुठला चेंडू टाक. त्या खुणा मैदानावरून डोळ्यांनी ओळखल्या तर ती हुशारी समजतात, कॅमेरा लावून पकडल्या तर चोरी. माझं म्हणणं, दोन्ही चोरीच! मी यावर एकदा सलग वीस मिनिटं बोलले. खेळात खोटं चालवून घेणारा समाज पुढे बाहेरही सगळं चालवून घेतो, वगैरे. टेबलावर हातही आपटला.

"बरोबर आहे पोरीचं," काका म्हणाले. "कॅमेरा म्हणजे हद्द झाली. अशांना जन्मभर बंदी घातली पाहिजे!"

हे बोलणं रमीच्या डावात चाललं होतं. काकू उठल्या, काकांच्या समोरच्या खिडकीचा पडदा त्यांनी ओढून घेतला आणि परत येऊन बसल्या.

"हं, आता खेळा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं त्या काचेत माझे पत्ते बघताय!"

* * *

आता खुणांवरून आठवलं. आमच्या टीममध्ये बोटांच्या खुणा चालायच्याच नाहीत. कारण आमचा पिचर, रोहन. पुण्यात कॉलेजात माझ्यापेक्षा दोन वर्षांनी सीनियर होता, इथे मास्टर्सला आला आणि राहिला. खांदा असा की चेंडू दिसायच्या आत ग्लोव्हमध्ये. पण खेळायला चष्मा काढला की काकांची बोटं सोडाच, काकाही दिसायचे नाहीत. आणि कॉन्टॅक्ट लेन्स घालायची त्याला भीती!

म्हणून काका मराठीतून ओरडायला लागले. 'पोळी' म्हणजे सरळ, वेगाने. 'शिरा' म्हणजे मुद्दाम हळू. आणि 'आमटी' म्हणजे कर्व्हबॉल, वळत वळत बॅटरच्या पुढ्यात खाली पडणारा.

समोरच्या टीम्सना वाटायचं, डॉक्टर उत्तेजन देतायत! एक कॅप्टन तर मॅचनंतर मला अगदी भारावून म्हणाला, "तुमच्यात किती पॉझिटिव्ह वातावरण आहे!"

मी काकांना विचारलं, "काका, ही फसवणूक नाही का हो?"

"अजिबात नाही. आपण तर उघड ओरडतोय! त्यांनी मराठी शिकावं."

या उत्तराचा मला अजून राग येतो.

* * *

मागच्या नोव्हेंबरात रोहन काकांच्या घरी आला. त्याने फोन पातेल्यात टाकला आणि खाली बघत म्हणाला, "मी पुढच्या सीझनला स्लाऊच्या टीमकडून खेळणार आहे."

त्याची नोकरी स्लाऊला, फ्लॅट स्लाऊला. रविवारी हॅरोला पोचायला दोन बस, एक ट्रेन, आणि ती ट्रेनही नेमकी रविवारीच बंद. तिथलं मैदान त्याच्या घरापासून चालत तीन मिनिटं. पिचरसाठी खरा मातीचा उंचवटा आहे. आमच्याकडे तो उंचवटा म्हणजे घुशीची कृपा!

हे सगळं मला कळत होतं. तरी मी उभी राहिले आणि भाषण सुरू केलं. टीम म्हणजे काय, निष्ठा म्हणजे काय, सोय बघून माणसं सोडणाऱ्यांनी जगाचं काय केलंय!

रोहनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मुक्ता, दोन वर्षांत तू तीन नोकऱ्या बदलल्यास."

"त्या तत्त्वासाठी बदलल्या!"

"मी बससाठी बदलतोय."

काका हसले. काकूही हसल्या. मी नाही हसले. उलट सगळ्यांसमोर सांगितलं, "बघाच तुम्ही. जाताना हा आपले कोड पण घेऊन जाणार. जो टीम सोडतो तो सगळंच सोडतो!"

रोहनचा चेहरा पडला. पातेल्यातून फोन काढून तो गेला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चार वर्षांची मैत्री, आणि साधा मेसेजसुद्धा नाही. हिवाळाभर मला एकच प्रश्न. सांगेल का हा त्यांना? सांगितलं तर आम्ही हरणार. आणि नाही सांगितलं तर मी जे बोलले त्याचं काय करायचं?

* * *

कोड बदलायचे, एवढाच उपाय होता. मी फुलांची नावं काढली. मोगरा, जाई, शेवंती. पिचर आता मीच होते. दुसरं कोणी नव्हतंच! मार्चमध्ये कडाक्याच्या थंडीत आम्ही प्रॅक्टिस केली.

काका ओरडले, "मोगरा!" मी मोगरा टाकला. काका जाईची वाट बघत होते. चेंडू थेट नडगीवर!

पुन्हा केलं. पुन्हा नडगी, दुसरी.

तिसऱ्या वेळी काका मास्क काढून गवतावरच बसले. "मुक्ता, या वयात माणूस धर्म बदलेल, पण आमटीला शेवंती नाही म्हणू शकणार."

विषय संपला.

* * *

रोहन गेल्यावर आम्ही उरलो आठ, आणि लीगला नावं हवीत नऊ. मी हळदीकुंकवात पत्रकं वाटली. एका बाईंनी विचारलं, "शाळेत मुली राउंडर्स खेळतात तेच ना हे?" दुसऱ्या बाईंनी पत्रकात तिळगूळ बांधून घेतला.

शेवटी नववं नाव मिळालं ते घरातच. सुलभाकाकू! वय सहासष्ट. आमची लीग मिक्स्ड आहे, वयाचीही अट नाही. काकूंची एकच अट होती, थर्मास सोबत राहील. त्यांना आम्ही उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात लांब उभं केलं. तिकडे चेंडू जातच नाही.

पहिल्याच मॅचला गेला! काकूंनी थर्मास खाली ठेवला, चेंडू उचलला. आम्ही सगळे ओरडतोय, "काकू, बेसवर! बेसवर फेका!" पण काकू शाळेत लगोरीच्या चॅम्पियन होत्या. त्यांनी नेम धरला आणि पळणाऱ्या गड्याच्या पाठीत सणसणीत चेंडू हाणला.

"आउट!" काकू गरजल्या.

लगोरीत हे आउट असतं. बेसबॉलमध्ये नसतं! अंपायर ग्लेन डोकं धरून काकूंकडे पळाला. आणि चेंडू खाल्लेला तो सहा फुटी गोरा पोरगा, पाठ चोळत, काकूंकडे वळून काय म्हणाला?

"सॉरी!"

* * *

आणि मग ऑगस्टमध्ये स्लाऊची मॅच आली. त्यांच्या मैदानावर, त्या खऱ्या मातीच्या उंचवट्यावर मी उभी. समोर रोहन, त्यांच्या निळ्या जर्सीत. आम्ही मान हलवली, फक्त तेवढंच.

पहिल्या इनिंगपासून मी त्यांचे बॅटर बघत होते. काका ओरडायचे "शिरा!" आणि त्यांची माणसं वेड्यासारखी लवकर बॅट फिरवायची. "आमटी!" म्हटलं की चेंडूच्या वरून बॅट. एकालाही काही कळत नव्हतं.

याचा अर्थ मला कळत होता. पण मी तो मॅच संपेपर्यंत बाजूला ठेवला.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने पुढे. त्यांचे दोन आउट, एक गडी तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला रोहन. चष्मा नव्हता, तरी नजर थेट माझ्यावर. पठ्ठ्याने लेन्स घातल्या होत्या!

"पोळी!" काका ओरडले. मी टाकली. रोहनने अशी हाणली की चेंडू पार्किंगपर्यंत गेला. पण रेषेच्या बाहेर. फाउल, म्हणजे स्ट्राइक वन.

"शिरा!" रोहन थांबला, आरामात थांबला, आणि पुन्हा सणकावली. पुन्हा रेषेच्या बाहेर, फक्त वीतभर. स्ट्राइक टू. आणखी एक चुकला, किंवा टप्प्यातला नुसता सोडला, तरी मॅच आमची. एक सरळ मैदानाबाहेर गेला की त्यांची.

रोहनने हात वर केला, टाइम मागितला. बॅट काखेत धरली, मागे वळून काकांपाशी वाकला. मी धावत जवळ गेले.

"काका, मला सगळं ऐकू येतंय हो," रोहन म्हणाला. "हे बरोबर नाही वाटत. कोड बदला."

काकांनी मास्कमधून त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बरं," काका म्हणाले.

"काय म्हणतोय तो?" ग्लेनने इंग्लिशमध्ये विचारलं.

"जेवणाचं चाललंय," काकांनी त्याला सांगितलं.

मी परत उंचवट्यावर गेले. रोहनने बॅट उचलली. त्याचा चेहरा खरंच हलका झाला होता. काका गुडघे कुरकुरवत खाली बसले, ग्लोव्ह पुढे केला, आणि अख्ख्या स्लाऊला ऐकू जाईल असे ओरडले,

"आमटी!"

मी चेंडू बोटांत फिरवला. मार्चमधल्या त्या दोन नडग्या आठवल्या. आणि टाकला.

चेंडू वळत वळत आला आणि रोहनच्या पुढ्यातून खाली काकांच्या ग्लोव्हमध्ये पडला. रोहनने बॅट हलवलीसुद्धा नाही.

"स्ट्राइक थ्री!" ग्लेन ओरडला. लांब कोपऱ्यातून काकू थर्मास उंचावत पळत सुटल्या.

रोहन तिथेच उभा. एकदा काकांकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. "पण... ही तर आमटीच होती!"

"हो मग?" काका म्हणाले.

"अहो, तुम्ही कोड बदलणार होता ना!"

काकांनी मास्क काढला, घाम पुसला आणि उठायला मदत म्हणून एक हात रोहनकडे, एक माझ्याकडे केला.

"टीम तू बदललीस रे. आम्ही कुठे काय बदललं?"